घरावर जप्तीची नोटीस आली आहे. उरलेल्या दिवसांत काय करावे?

प्रश्न : आम्ही बदलापूरला राहतो. 2019 मध्ये एका गृहवित्त कंपनीकडून 24 लाखांचे कर्ज काढून वन बीएचके घेतला. कर्ज आम्हा दोघांच्या नावावर आहे. प्रधानमंत्री आवास योजनेचे 2 लाख 67 हजारांचे अनुदान मिळाले होते आणि करोनाच्या काळात सहा महिने हप्त्यांना स्थगिती घेतली होती. सध्याचा हप्ता साडेएकोणीस हजार आणि व्याजदर 10 टक्के आहे. यजमान ज्या कारखान्यात होते तो बंद पडला. आता मिळेल ते काम करून ते बारा-तेरा हजार आणतात आणि खासगी शाळेत मला चौदा हजार मिळतात. पाच हप्ते थकले. 60 दिवसांत 20 लाख 60 हजार रुपये भरा, अशी नोटीस तीन आठवड्यांपूर्वी आली होती. यजमानांनी ती कपाटात ठेवून दिली आणि मला ती परवा सापडली. सासूबाई म्हणतात, गावातल्या ओळखीच्या माणसाकडून दरमहा शेकडा तीनने पैसे उचलावेत. न्यू जर्सीतले माझे दीर म्हणतात, तिकडे सरकार अशा लोकांची घरे वाचवते. आपल्याकडे अशी योजना नाही का? आमच्याच इमारतीतला एवढाच फ्लॅट नुकताच 31 लाखांना गेला. घर विकावे का? आणि विकले तर म्हाडाच्या सोडतीत अर्ज करता येईल का?

उत्तर : ताई, आपण सगळे आकडे स्पष्ट दिले आहेत, त्यामुळे उत्तरही आकड्यांच्या आधारे देता येते. थकलेले हप्ते भरून देणारी किंवा कर्जदाराचे घर लिलावातून सोडवून देणारी कायमस्वरूपी सरकारी योजना आपल्या देशात नाही. ज्या कायद्याखाली ही नोटीस आली आहे, त्यात मात्र कर्जदाराच्या हाताशी काही पायऱ्या ठेवलेल्या आहेत, प्रत्येक पायरीला मुदत आहे आणि ती मुदत नोटीस कपाटात राहिली म्हणून थांबत नाही. आपल्या हाती अजून साधारण साडेपाच आठवडे आहेत आणि ते पुरेसे आहेत.

नोटीस पुन्हा एकदा नीट वाचावी. ती 2002 च्या सरफेसी कायद्याच्या (न्यायालयात न जाता तारण घरातून कर्ज वसूल करू देणारा कायदा) कलम 13(2) खालील असणार. तिचा अर्थ एवढाच, की 90 दिवसांहून अधिक काळ हप्ता थकल्याने आपले खाते अनुत्पादक ठरले असून कंपनी आता संपूर्ण कर्ज एकरकमी मागत आहे. 60 दिवस संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी दाराला कुलूप लावत नाही. त्यानंतर कंपनी कलम 13(4) खाली ताब्याची नोटीस घरावर चिकटवते आणि दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात, ती छापून आणते. हा ताबा कागदावरचा असतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी तिला कलम 14 खाली ठाण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि तो आदेश झाल्यावरच महसूल अधिकारी पोलिसांसह दारात येतात. कायद्यात या आदेशासाठी 30 दिवस, फार तर 60 दिवस सांगितलेले आहेत, पण व्यवहारात बहुधा त्याहून अधिक काळ लागतो. (या दिरंगाईवर भिस्त ठेवून वर्ष काढणारी कुटुंबे असतात, त्या वर्षभराचे व्याज, दंड आणि वकिलांचा खर्च शेवटी घराच्या किमतीतूनच वळता होतो, हे त्यांना लिलावाच्या हिशेबात कळते.)

आपले पहिले काम कलम 13(3अ) खाली लेखी निवेदन देण्याचे आहे. कारखाना बंद पडल्याचे कारण, त्याचा पुरावा, आजवर भरलेल्या हप्त्यांची नोंद आणि आपली मागणी त्यात स्पष्ट लिहावी. 15 दिवसांत कारणांसह उत्तर देणे कंपनीवर बंधनकारक आहे. निवेदन कंपनीच्या शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा, शिवाय नोटिशीवर सही करणाऱ्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवावे. निवेदन फेटाळले गेले तर केवळ त्या कारणावरून ऋण वसुली न्यायाधिकरणात जाता येत नाही; पण पुढे प्रकरण उभे राहिले, तर हाच कागद सर्वांत आधी पाहिला जातो.

निवेदनासोबत कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागावा आणि तो आला की दंडाचा रकाना बारकाईने तपासावा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार थकबाकीवर दंडात्मक व्याज लावता येत नाही. फक्त वाजवी दंडशुल्क आकारता येते आणि ते मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नवे कर्ज असो वा जुने, 2024 च्या मध्यापासून हा नियम सर्वांना लागू आहे. पाच हप्त्यांची आपली थकबाकी 97 हजार 500 होते. उताऱ्यात थकबाकी म्हणून सव्वा किंवा दीड लाख दिसत असतील, तर वरची रक्कम कशाची, हे कंपनीने लेखी सांगितले पाहिजे.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे हे कर्ज आपल्याला पेलते का. बहुतेक कर्जदार कंपनीकडे मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती करतात आणि ती स्वाभाविकही आहे. पण 20 लाख 60 हजारांवर 10 टक्क्यांनी महिन्याचे नुसते व्याजच सुमारे 17 हजार 200 रुपये होते. याचा अर्थ साडेएकोणीस हजारांच्या हप्त्यातले जेमतेम 2 हजार 300 रुपये मुद्दलात जातात आणि याच गतीने कर्ज फिटायला अजून साधारण 21 वर्षे लागतील. मुदत कितीही वाढवली तरी हप्ता 17 हजारांच्या खाली जाणार नाही. आज आपल्या घरात महिन्याला 26-27 हजार येतात. 17 हजारांचा हप्ता भरून उरलेल्या नऊ-दहा हजारांत किराणा, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, रेल्वेचा पास आणि औषधपाणी भागवणे अशक्य आहे, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही.

व्याजदरावर मात्र भांडायला जागा आहे. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा कर्जे महागली. 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात तो पूर्ण एक टक्क्याने खाली आला, तेव्हा मात्र ती कपात सर्व कर्जदारांपर्यंत सारख्या वेगाने पोहोचली नाही. बँकांना ऑक्टोबर 2019 पासून नवी तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्यांवर ती सक्ती नाही, त्या स्वतःचा मूळ दर ठरवतात. त्यामुळे आपल्यासारख्यांचे दर चढताना लगेच चढतात आणि उतरताना रेंगाळतात. नव्या ग्राहकाला कंपनी आज कोणत्या दराने कर्ज देते, हे विचारून तोच दर आपल्यालाही लावण्याची मागणी निवेदनात करावी. एक टक्का कमी झाला तरी महिन्याचे सतराशे रुपये वाचतात. अर्थात, तेवढ्याने आपला प्रश्न सुटत नाही.

म्हणून सगळा निर्णय एका गोष्टीवर ठरतो: यजमानांना येत्या दोन-तीन महिन्यांत नियमित पगाराचे काम मिळण्याची खरी शक्यता आहे का? केवळ आशा असणे वेगळे. मुलाखत झाली आहे किंवा जुन्या सहकाऱ्यांपैकी कोणी शब्द दिला आहे, अशी परिस्थिती आहे का, हे दोघांनी बसून स्पष्ट बोलावे. ती असेल तर घर राखण्याचा प्रयत्न जरूर करावा. नोटिशीत पूर्ण कर्ज मागितलेले असले, तरी कर्जदार सगळी थकबाकी एकदम भरायला तयार असेल तर बहुतेक कंपन्या खाते नियमित करून घेतात. मात्र कंपनीने त्याला नकार दिला, तर केवळ थकबाकी भरल्यामुळे तिला कारवाई थांबवावीच लागेल असे नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी लेखी होकार घ्यावा. येथे एक चूक फार जण करतात: हाताशी येतील तसे एक-दोन हप्ते भरत राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2021 च्या स्पष्टीकरणानुसार थकलेले मुद्दल आणि व्याज पूर्ण भरल्याशिवाय खाते अनुत्पादकच्या शिक्क्यातून बाहेर येत नाही. आपल्या बाबतीत 20 हजारांचे पाच तुकडे टाकण्यापेक्षा लाखभर रुपये एकदम भरणेच उपयोगाचे आहे. ही रक्कम यजमानांच्या भविष्य निर्वाह निधीतून उभी राहू शकते, कारण गृहकर्जाच्या परतफेडीसाठी त्यातून पैसे काढण्याची तरतूद आहे. कारखान्याकडून ग्रॅच्युइटी आणि कामगार कपातीची भरपाई येणे असेल, तर त्याचाही तगादा लावावा. पण नोकरीची खात्री नसताना निर्वाह निधीतले सगळे पैसे या कर्जात ओतू नयेत. तसे केल्यास चार महिन्यांनी नोटीसही परत येईल आणि निधीही संपलेला असेल.

सासूबाईंचा सल्ला काळजीतूनच आलेला आहे, तरी तो मानू नये. दरमहा शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. 10 टक्क्यांचे कर्ज फेडण्यासाठी 36 टक्क्यांचे काढले, तर घरासोबत गावाकडची जमीनही अडकते. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार गुन्हा आहे. अगदीच वेळ आली तर दागिने बँकेत तारण ठेवणे परवडेल, पण तेही नोकरी हाताशी असेल तरच.

काम मिळण्याची शक्यता धूसर असेल, तर घर आपणच विकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या इमारतीतला व्यवहार 31 लाखांना झाला असेल, तर कर्ज आणि खर्च वजा जाता साधारण 10 लाख रुपये आपले आहेत. लिलावात काय होते ते पाहावे. कंपनीचा मूल्यांकक राखीव किंमत ठरवतो, ती सहसा बाजारभावापेक्षा कमी असते. बोली लागली नाही तर पुढच्या वेळी ती आणखी खाली आणली जाते, कारण ताबा, कज्जा आणि थकीत देणी यांच्या भीतीने साधे गृहस्थ अशा घराकडे फिरकत नाहीत आणि लिलावातच खरेदी करणारे सराईत लोक थांबायला तयार असतात. कर्ज वसूल होऊन वर उरलेली रक्कम आपल्यालाच परत मिळायला हवी, असे कायदा सांगतो. पण पैसे कमी पडले तर उरलेले कर्जही आपल्याच डोक्यावर राहते. घर गेले म्हणजे कर्ज मिटले, हा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

विक्रीत एक अडथळा आहे. कलम 13(13) नुसार नोटीस मिळाल्यानंतर कंपनीच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. तेव्हा कोणाकडून विसार घेण्यापूर्वी ही संमती घ्यावी आणि कर्ज पूर्ण बंद करण्यासाठी किती रक्कम लागेल याचे पत्रही मागावे. व्यवहारात त्याला फोरक्लोजर लेटर म्हणतात. व्यक्तीच्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीपूर्वी परतफेडीचा दंड लावता येत नाही, म्हणून त्या पत्रात असा आकार दिसल्यास हरकत घ्यावी. खरेदीदाराने स्वतः कर्ज काढले असेल, तर त्याची बँक आपले येणे थेट कंपनीला चुकते करते आणि बाकीची रक्कम आपल्याला देते. अशी विक्री कंपनीलाही सोयीची असते, त्यामुळे संमती सहसा मिळते. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच पूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क आपल्याला आहे. 2016 च्या दुरुस्तीने ही मर्यादा कडक केली आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. त्यापूर्वी लिलावातून घर वाचवण्याच्या जाहिराती देणाऱ्या किंवा ‘सेटलमेंट करून देतो’ म्हणत रोख रक्कम मागणाऱ्या मध्यस्थांपैकी कोणी दारात आले, तर त्याला एक रुपयाही देऊ नये. कंपनीच्या लेटरहेडवर जे लिहून येईल तेवढेच खरे धरावे. वसुली प्रतिनिधींना सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, तसेच नातलगांकडे बोभाटा करता येत नाही. असे घडल्यास कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि दाद न मिळाल्यास राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या तक्रार विभागाकडे जावे.

आपल्या दिरांचे म्हणणे अर्धे खरे आहे. अमेरिकेत 2008 च्या घरकर्ज संकटानंतर 2009 मध्ये ओबामा सरकारने हॅम्प ही योजना आणली होती. तिच्यात पात्र कर्जदाराचा हप्ता त्याच्या करपूर्व उत्पन्नाच्या 31 टक्क्यांपर्यंत खाली आणला जात असे आणि त्यासाठी कर्जसंस्थेला सरकारकडून प्रोत्साहन रक्कम मिळत असे. ती 2016 अखेर बंद झाली. 2021 मध्ये करोनाग्रस्त घरमालकांसाठी सुमारे 10 अब्ज डॉलरचा निधी राज्यांना देण्यात आला, तोही बऱ्याच राज्यांत आता संपलेला आहे. त्यांच्याकडे टिकून राहिली ती नियमांची चौकट: साधारणपणे हप्ता थकून 120 दिवस उलटल्याशिवाय जप्तीची कारवाई सुरू करता येत नाही आणि त्या अवधीत कर्जदाराने सवलतीसाठी पूर्ण अर्ज दिला असेल, तर त्यावर निर्णय होईपर्यंत थांबावे लागते. शिवाय न्यू जर्सीत न्यायालयाच्या हुकुमाविना घर जप्त होत नाही. आपल्याकडे सरफेसी कायद्याचा हेतूच मुळी न्यायालयाचा फेरा टाळून वसुली जलद करणे हा होता.

आपल्याकडच्या धोरणाबद्दल माझी तक्रार येथे आहे. घर घेणाऱ्यासाठी सरकारचा हात सढळ असतो. आपल्याला मिळालेले अनुदान 2015 च्या योजनेतले. 2024 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात 9 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पाच वार्षिक हप्त्यांत 1 लाख 80 हजारांपर्यंत व्याज अनुदान मिळते. बिल्डरकडे अडकलेल्या प्रकल्पांसाठी 2019 मध्ये 25 हजार कोटींचा स्वामी निधी उभारला गेला आणि त्यातून पूर्ण झालेला पहिला प्रकल्प आपल्या बोरिवलीतलाच होता. राज्याच्या 2025 च्या गृहनिर्माण धोरणात 2030 पर्यंत 35 लाख घरांचे लक्ष्य आहे. पण घर घेतल्यानंतर ज्याची नोकरी जाते, त्याच्यासाठी यांपैकी कशातही ओळ सापडत नाही. 2020 ची सहा महिन्यांची स्थगिती आणि 2021 ची पुनर्रचनेची सवलत, या दोन्ही गोष्टी महासाथीपुरत्या होत्या. एकट्यादुकट्याचा कारखाना बंद पडणे ही आपत्ती धरली जात नाही. अनुदान देऊन बसवलेले कुटुंब दीड वर्षाच्या बेकारीत रस्त्यावर येत असेल, तर ते अनुदानही वायाच गेले, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा. किमान सरकारी अनुदानाच्या घरांबाबत तरी लिलावापूर्वी सक्तीची मध्यस्थी असावी.

म्हाडाबद्दल थोडक्यात सांगतो. घर विकल्यावर आपल्या किंवा यजमानांच्या नावावर दुसरे घर नसेल, तर कोकण मंडळाच्या सोडतीत अर्ज करायला हरकत दिसत नाही. वार्षिक उत्पन्न 6 लाखांच्या आत असल्याने आपण अत्यल्प उत्पन्न गटात याल. मात्र प्रधानमंत्री आवास योजनेतली घरे आणि तिचे नवे अनुदान आपल्याला बंद आहेत, कारण गेल्या 20 वर्षांत अशा योजनेचा लाभ घेतलेल्या कुटुंबाला ती पुन्हा मिळत नाहीत. सोडतीत नंबर लागल्यावर ठरलेल्या मुदतीत पैसे भरावे लागतात आणि त्यासाठी पुन्हा कर्ज लागेल. तेव्हा बँक आपला पतअहवाल पाहील. पूर्ण फेडून बंद केलेले कर्ज, तडजोडीने मिटवलेले कर्ज आणि लिलावाने वसूल झालेले कर्ज यांच्या नोंदी वेगवेगळ्या दिसतात. आपणच घर विकण्याचा आग्रह मी धरतो, त्याचे हेही एक कारण आहे.

कंपनीने ताब्याची कारवाई केलीच, तर त्या दिवसापासून 45 दिवसांत कलम 17 खाली मुंबईच्या ऋण वसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो आणि या टप्प्यावर कर्जाची रक्कम अनामत भरावी लागत नाही. तेथे हरल्यास अपिलासाठी निम्मी, कमी करून मिळाली तरी किमान 25 टक्के रक्कम भरावी लागते; म्हणून आपल्या परिस्थितीत पहिली फेरी हीच शेवटची समजून तयारी करावी. नोटीस चुकीच्या रकमेची आहे किंवा निवेदनाला उत्तरच दिले नाही, असे ठोस कारण हाती असेल तरच हा खर्च करावा.

वकिलाची फी आपल्याला द्यावी लागणार नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्याचा हक्क दिला आहे आणि आपण सहकर्जदार आहात. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात याच आठवड्यात जावे. निवेदनाचा मसुदा तेथे तपासून घेता येईल आणि प्रकरण दावापूर्व लोकअदालतीत ठेवण्याची विनंतीही करता येईल. जाताना नोटीस आणि तिचे पाकीट (त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून तारीख सिद्ध होते), कर्जकरार, खात्याचा उतारा आणि यजमानांची कारखान्याकडची कागदपत्रे न्यावीत. यजमानांनाही सोबत न्यावे, कारण कर्ज दोघांच्या नावावर आहे आणि निवेदनावर तसेच विक्रीच्या संमतीपत्रावर दोघांच्याही सह्या लागतील.